खोडलेला आकडा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लोकरीच्या वेष्टणातली तांब्याची काही छोटी भांडी आहेत. त्यांना कॅलरीमापी असे भारदस्त नाव आहे. पण पोरे त्यांना ‘पेले’च म्हणतात. प्रयोग अगदी साधा. धातूचा तुकडा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडायचा, तो शंभर अंशापर्यंत तापला की चटकन उचलून पेल्यातल्या थंड पाण्यात टाकायचा, आणि पाणी किती अंशांनी चढले ते पाहायचे. मग पाटीवर मांडण्याजोगे एक गणित. एक ग्रॅम पदार्थाचे तपमान एका अंशाने वाढवायला जी उष्णता लागते ती त्याची विशिष्ट उष्णता. पाण्याची १ धरली तर तांब्याची सुमारे ०.०९ आणि शिशाची अवघी ०.०३. दिवाळीच्या पहाटे बंब हात लावू नये इतका चटकन तापतो आणि आतले पाणी मात्र कोमटच राहते, यात या आकड्यांचाही वाटा आहे.

एका वर्षी एका मुलाच्या वहीत ०.०९ हा आकडा मोठ्या सुबक अक्षरात होता. पण त्याखालचा कागद खरवडलेला होता. उजेडाकडे धरले तेव्हा जुना आकडा दिसला : ०.१२. मी त्याला रागावणार होतो; पण जमेना. कारण त्याच्या वयाचा असताना मीही नेमके तेच केले होते आणि दहापैकी दहा गुण घेतले होते. शिवाय या विषयाचा इतिहास वाचू लागल्यापासून मला असल्या खोडाखोडीबद्दल बोलताना जीभ जरा आवरावी लागते. का, ते सांगतो.

अठराव्या शतकापर्यंत तपमान आणि उष्णता यांत फरक आहे हेच कुणाला नीटसे उमगले नव्हते. फॅरनहाइटने लायडेनच्या बोरहावे या वैद्यकाच्या अध्यापकासाठी गरम पारा आणि थंड पाणी एकत्र करून पाहिले होते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तेव्हा जड वस्तूत उष्णताही जास्त मावणार अशी लोकांची समजूत. प्रत्यक्षात पाण्याच्या दोन मापांशी बरोबरी करायला पाऱ्याची तीन मापे लागली. म्हणजे दोन शेर पाण्याला पारा चाळीस शेर! बोरहावेला याचा उलगडा झाला नाही. तो १७६०च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅकला झाला. प्रत्येक पदार्थाची उष्णता सामावून घेण्याची भूक निराळी, आणि तिचा वजनाशी सरळ संबंध नाही, हे त्याने ओळखले. गंमत अशी की या गृहस्थाने हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, पण छापले नाही. त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती १८०३ साली, तो वारल्यानंतर चार वर्षांनी. तोवर स्वीडनमधल्या विल्के याने तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून १७८१ मध्ये प्रसिद्ध केली होती. पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीही तापलेली वस्तू बर्फात ठेवून किती पाणी वितळते यावरून १७८३ साली हेच मोजून दाखवले होते. पुढे राज्यक्रांतीत लाव्हाझिएची मान गिलोटिनखाली गेली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

मला सांगायची आहे ती गोष्ट पॅरिसमधल्याच दुसऱ्या दोघांची. प्येर द्युलाँ हा लहानपणीच पोरका झालेला मुलगा. तो आधी वैद्य झाला आणि गोरगरिबांना तपासून औषधाचे पैसे आपल्याच खिशातून देत असे. असा धंदा कुठवर चालणार? मग तो रसायनाकडे वळला. तिथे नायट्रोजन आणि क्लोरीन यांचे एक भयंकर स्फोटक संयुग शोधताना त्याचा एक डोळा गेला, बोटेही गेली. तरी तो पुन्हा त्याच संयुगाच्या मागे लागला! त्याचा सोबती अलेक्सी पती हा त्याहून सहा वर्षांनी लहान, मोठा हुशार अध्यापक, पण प्रकृतीने नाजूक.

या दोघांनी १८१९च्या एप्रिलमध्ये फ्रेंच अकादमीपुढे तेरा मूलद्रव्यांचा एक तक्ता ठेवला. शिसे, सोने, चांदी, तांबे, लोखंड, गंधक वगैरे. प्रत्येकाची विशिष्ट उष्णता आणि त्याचा अणुभार यांचा त्यांनी गुणाकार केला, आणि तेराही ठिकाणी उत्तर जवळजवळ एकच आले. आजच्या मापात ते सुमारे ६ येते. शिशाचा अणुभार २०७, विशिष्ट उष्णता ०.०३१, गुणाकार ६.४. लोखंडाचा अणुभार ५६, विशिष्ट उष्णता ०.१०७, गुणाकार ६. याचा अर्थ असा की अणू शिशाचा असो वा लोखंडाचा, उष्णतेपुढे सगळे अणू सारख्याच पंगतीला बसतात. अणू खरेच असतात की नाही यावर विद्वानांत वाद चालू असलेल्या काळातली ही गोष्ट.

पण त्या तक्त्यात दोन नावे अशी आहेत की त्यांच्यापाशी वाचणारा थबकतो. टेल्यूरियमचा अणुभार त्यांनी धरला तो खऱ्याच्या निम्मा, सुमारे ६४. आणि विशिष्ट उष्णता दिली ०.०९१२, म्हणजे खरीच्या जवळजवळ दुप्पट. कोबाल्टचा अणुभार धरला दोन तृतीयांश, आणि विशिष्ट उष्णता आली दीडपट. एक आकडा चुकीचा, दुसराही चुकीचा, पण गुणाकार मात्र बरोबर! पुढे रेन्यो या त्यांच्याच देशबांधवाने या विशिष्ट उष्णता १८४०च्या सुमारास पुन्हा मोजल्या, तेव्हा टेल्यूरियमची सुमारे निम्मीच भरली. हे आकडे मोजलेले होते की नियमात बसावेत म्हणून बसवलेले, अशी शंका पुढच्या अभ्यासकांनी घेतली आहे. पती १८२० साली क्षयाने गेला, एकोणतिसाव्या वर्षी. गरिबांना पदरचे पैसे देऊन औषध देणारा द्युलाँ लबाड असेल असे माझे मन घेत नाही. पण नियम दिसल्यावर उरलेले दोन आकडे त्याच्याकडे आपोआप झुकतात, याची मला वर्गात दरवर्षी प्रचीती येते.

नियम मात्र खोटा नव्हता. इंडियमचा अणुभार ७६च्या आसपास मानला जाई. मेंडेलेएव्हच्या कोष्टकात तो बसेना. १८७० साली बुनसेनने विशिष्ट उष्णता मोजली आणि अणुभार ११३ ठरला. (हा बुनसेनही एका स्फोटात एका डोळ्याने अधू झालेला. या विषयाला डोळ्यांचे काय वावडे आहे कोण जाणे!)

अडून बसला होता तो हिरा. कोळशाचाच भाऊ, अणुभार १२, पण गुणाकार सहाच्या जागी जेमतेम दीड. १८७० नंतरच्या काही वर्षांत हाइनरिख वेबर याने चिकाटीने तो निरनिराळ्या तपमानांना मोजला. उणे ५० अंशांवर विशिष्ट उष्णता ०.०६, ९८५ अंशांवर ०.४६, म्हणजे गुणाकार साडेपाच. थंडीत हिरा नियम मोडतो आणि आगीत पाळतो. असे का, हे वेबरला सांगता आले नाही. त्याने आकडे जसेच्या तसे छापले.

हाच वेबर पुढे झुरिचला प्राध्यापक झाला आणि त्याच्या वर्गात आइन्स्टाइन नावाचा एक विद्यार्थी आला. दोघांचे जमले नाही; १९००मध्ये पदवी मिळाल्यावर वेबरने त्याला साहाय्यक म्हणून घेतले नाही. सात वर्षांनी पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने वेबरचे हिऱ्याचे आकडे उघडले. अणू हवी तितकी ऊर्जा घेत नाही. ठरावीक मापाच्या पुडीनेच घेतो, असे त्याने मांडले. हिऱ्याचा अणू हलका आणि घट्ट बांधलेला, म्हणून त्याची पुडी मोठी. थंडीत ती मोठी पुडी बहुतेक अणूंना परवडत नाही, म्हणून ते स्वस्थ बसतात. वेबरच्या मोजणीचे ठिपके आइन्स्टाइनच्या वक्ररेषेवर चांगले जुळले. अणूंचे कंपन कसे चालते याविषयीचे जुने गणित अपुरे आहे, हे हिऱ्याने दाखवले.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा पेला मांडायला लावला आणि त्याचा हात नुसता पाहत राहिलो. उकळत्या पाण्यातून तांब्याचे तुकडे काढले ते निथळू न देताच त्याने पेल्यात सोडले. अंगाला चिकटून गेलेले एक ग्रॅम उकळते पाणी म्हणजे अकरा ग्रॅम तांब्याची उष्णता; त्याचे ०.१२ तिथेच होते. मी म्हटले, “बाळ, काय काय गेलं पेल्यात?” तो जरा वेळ तुकड्यांकडे पाहत राहिला. “सर, पाणीपण गेलं.”

तिसऱ्या खेपेस तुकडे झटकून टाकले. ०.१०१ आले. ते खोडायचे का, असे त्याने विचारले नाही. खरवडलेल्या जागेशेजारी ०.१२ पुन्हा लिहिले, त्याखाली ०.१०१, आणि समासात एवढेच : ‘पहिल्या वेळी तुकडे ओले होते.’