समग्र आरोग्यशिक्षण (नंदुरबार जिल्हा)

भावी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व अन्य आरोग्यसेवकांना शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे विषय सुटे सुटे न शिकवता रुग्णाच्या जगण्याशी जोडून शिकवण्याची पद्धती, व तिचे नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यातील स्वरूप. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५, पैकी सु. ६९ टक्के अनुसूचित जमाती. भिल्ल, पावरा, गावित (मावची) व कोकणा या प्रमुख जमाती. अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगररांगांवर पाडे विखुरलेले आहेत.

पूर्वपीठिका : प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस भोर समितीने १९४६ मध्येच केली होती. महाराष्ट्रात या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले ते मुख्यतः सेवाग्रामने. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तेथे स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, मग त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची शास्त्रशुद्ध काळजी गावातल्या स्त्रियांच्या हाती दिली.

देशातील एमबीबीएस अभ्यासक्रम २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित झाला. विषयांची एकमेकांशी सांगड, पहिल्या वर्षापासून रुग्णदर्शन आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे स्वतंत्र पाठ हे त्याचे विशेष. पुढे त्यात कुटुंब दत्तक उपक्रमाची भर पडली.

संस्था : नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये १०० प्रवेशक्षमतेने सुरू झाले, ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. शहादा येथे पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे, तर अक्कलकुवा येथे अली अल्लाना हे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. अक्कलकुव्यातच युनानी वैद्यक महाविद्यालय आहे.

सिकलसेल, एक अभ्यासविषय : या जिल्ह्यात समग्र शिक्षण म्हणजे काय, हे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही विकार दाखवत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. हा झाला जीवरसायनाचा पाठ. हा बदल घडवणारे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या पट्ट्यातील जमातींमध्ये हे जनुक टिकून राहिले. येथे उत्क्रांती व भूगोल आले.

प्राथमिक चाचणी सोपी आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, काही मिनिटांनी नळी रेघांच्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर चाचणी नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सकारात्मक. मात्र एवढ्यावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अजून बरेच असते, त्यामुळे ही प्राथमिक चाचणी तेव्हा भरवशाची नसते. चाचणी करणाऱ्या विद्यार्थ्याला या मर्यादा ठाऊक नसतील, तर निरोगी वाहक मुलीवर आजारी असल्याचा शिक्का बसतो आणि तो सोयरिकीच्या बोलणीपर्यंत तिचा पाठलाग करतो.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. ‘चौघांपैकी एक’ असे सांगितले की पहिले मूल आजारी निघाल्यावर पुढची तिन्ही सुटली, असा समज घरोघर होतो. समुपदेशनात हा गैरसमज दूर करणे हेच मुख्य काम, आणि ते पाठ्यपुस्तकातील आनुवंशिकतेची चौकट काढून दाखवून होत नाही. लग्न ठरवताना कुळाची वडीलधारी माणसे व पंच यांचा शब्द चालतो. त्यांना वगळून फक्त नवरामुलगा-नवरीमुलगी यांच्याशी बोलणे अपुरे ठरते.

अंग दुखणे ही रुग्णाची मुख्य तक्रार. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, ताप आणि अतिश्रम यांमुळे कळा उठतात. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तेथे हे सारे एकत्र येते : पहाटेचा गारठा, दिवसभर कोयता, पिण्याच्या पाण्याची ओढाताण. कळा कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यावी लागते व अधूनमधून रक्तपेशी मोजाव्या लागतात. स्थलांतरात दोन्ही खंडित होते. ‘रुग्ण उपचार नीट घेत नाही’ अशी नोंद केसपेपरवर करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ‘तोडीला गेला होतास का?’ हे विचारले पाहिजे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिची मुदत २०४७ पर्यंत आहे.

भाषा : एमबीबीएस अभ्यासक्रमाच्या आरंभी स्थानिक भाषेच्या परिचयासाठी तासिका असतात. राज्याच्या अन्य भागांतून आलेल्या विद्यार्थ्याला येथे मराठी पुरत नाही. पावरी, मावची व भिल्लीच्या अन्य बोली परस्परांपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. व्यवहारात दुभाष्याचे काम आशा कार्यकर्ती किंवा रुग्णासोबत आलेले शाळकरी मूल करते. पाळी, गर्भपात, अंगावरून जाणे अशा गोष्टी आईने आपल्या मुलाच्या तोंडून सांगाव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कुटुंब दत्तक उपक्रम : विद्यार्थी ठरावीक कुटुंबांना पहिल्या वर्षापासून भेटी देतो, वजन, रक्तदाब, आहार यांच्या नोंदी ठेवतो. एका दिवसात जाऊन परतण्याजोगी गावे सोयीची असल्याने सपाटीवरील गावांकडे कल राहणे स्वाभाविक आहे. पण कुपोषण, घरची बाळंतपणे आणि झोळीतून आणलेले रुग्ण समजून घ्यायचे तर डोंगर चढावाच लागतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या गावांसाठी बोटीवरील तरंगता दवाखाना ही शासनाने केलेली सोय अध्यापनाच्या दृष्टीनेही मोलाची आहे.

आयुष व लोकवैद्यक : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ॲलोपॅथीच्या विद्यार्थ्यांना आयुष पद्धतींची प्राथमिक ओळख व आयुषच्या विद्यार्थ्यांना ॲलोपॅथीची ओळख अपेक्षित आहे. ही ओळख कुठवर असावी, यावर वैद्यक क्षेत्रात तीव्र मतभेद आहेत. भगत, दाई व जडीबुटीचे जाणकार या दोन्ही चौकटींबाहेर राहतात. रुग्ण बहुधा आधी त्यांच्याकडे जातो. म्हणून इतिहास घेताना भगताकडे काय केले हे न रागावता विचारणे, ही शिकवण्याची व परीक्षेत तपासण्याची गोष्ट आहे.

परिचर्या : उपकेंद्रातील परिचारिका ही पाड्यांसाठी प्रत्यक्षात पहिली प्रशिक्षित आरोग्यसेवक असते, म्हणून समग्र शिक्षणाची गरज तिलाही तितकीच आहे.

मूल्यमापन : आंतरवासितेत सामुदायिक वैद्यकासाठी १२ आठवडे आहेत. त्यांतील निदान काही आठवडे धडगाव, मोलगी व तोरणमाळ परिसरात मुक्कामी घालवणे बंधनकारक करावे आणि तेथील आशा कार्यकर्तीला मानधनासह अध्यापक म्हणून मान्यता द्यावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.