मण्यांवर मोजलेली धाप : ‘सर्च’ची वाटचाल

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत काम सुरू केले, तेव्हा जिल्हा जेमतेम चार वर्षांचा होता. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा पहिला संसार तेंदूपानांच्या गोदामात मांडला गेला. गावोगावच्या बालमृत्यूंच्या नोंदी होऊ लागल्या, आणि न्यूमोनिया हा मोठा मारेकरी असल्याचे दिसले.

औषध स्वस्त होते, कोट्रायमोक्साझोल. अडत होते ते निदानावर. गावात ना डॉक्टर, ना एक्स-रे. पण न्यूमोनियात पोराला धाप लागते, आणि धाप मोजता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 श्वास, त्याहून मोठ्याचे 50, की उपचार सुरू. आता निरक्षर दाईने साठपर्यंत मोजायचे कसे? तिच्यासाठी संस्थेने श्वासमापक बनवला : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि वयानुसार मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले, सरकव मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया.

यंत्र हुशारीचे होतेच. पण दाईच्या हाती अँटिबायोटिक देणे हे मला त्याहून मोठे धाडस वाटते. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले : 58 गावांत उपचार झालेल्यांपैकी 0.8 टक्के मुले दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण 13.5 टक्के होते.

नवजात बाळे मात्र मरतच होती. म्हणून 39 गावांत आरोग्यदूत तयार झाल्या. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी त्यांना आधी नळी-मास्क, पुढे बॅग-मास्क दिला. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले.

2011 पासून घरोघरी नवजात बालसेवा देशभरातल्या ‘आशा’ स्वयंसेविकांकडे आली. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्याने बॅग-मास्क मुख्यतः प्रसूतिगृहातल्या नर्सचे साधन झाले. आशाच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा. वाळूची गरज उरली नाही.

आज नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातले बाळ दवाखान्यात जन्मले, तरी योजनेनुसार आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जायचे असते. श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर. रडतानाचा आकडा धरायचा नाही. 60 भरले तर पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही भरले तर बाळाला रुग्णालयात पाठवायचे.