रुपयामागे एक आणा : कामगारांच्या पेन्शन निधीची वाटचाल

१९५२ च्या कायद्यात कामगाराच्या वर्गणीचा दर सव्वासहा टक्के लिहिला होता. रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे एक आणा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दर रुपयामागे कामगाराचा एक आणा कापायचा, मालकाने स्वतःचा एक आणा त्यात घालायचा, आणि म्हातारपणी ही सगळी पुंजी व्याजासह कामगाराच्या हाती द्यायची. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची सुरुवात अशी झाली. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच्या जागी कायदा आला. पहिल्या यादीत सहाच उद्योग होते : कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, अभियांत्रिकी, कागद आणि सिगारेट. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच कायदा लागू होता, आणि ज्यांचा पगार दरमहा ३०० रुपयांच्या आत आहे तेच सभासद होऊ शकत. पहिल्या वर्षी व्याज मिळाले ३ टक्के.

या व्यवस्थेत वाद घालण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण ज्याचे पैसे त्याच्याच नावावर जमा होत होते. कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्नच येत नव्हता. पण पुंजी संपली की आधारही संपतो. कामावर असताना वर्षा-दोन वर्षांत मेलेल्या माणसाच्या खात्यात असते तरी किती? त्याच्या विधवेला त्या रकमेवर किती दिवस काढता येणार? सामायिक निधीची गरज इथून निर्माण झाली आणि न्यायाचा प्रश्नही तिथूनच सुरू झाला. एकाच्या वर्गणीतून दुसऱ्याचे घर चालवायचे, तर कोणी किती घालायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

१ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना आली. कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीतून प्रत्येकी एक पूर्णांक एक षष्ठांश टक्का बाजूला काढायचा आणि तेवढाच केंद्र सरकारने घालायचा. आजही कागदोपत्री दिसणारा '१.१६ टक्के' हा आकडा तेव्हापासूनचा आहे. सरकार या निधीचे तिसरे भागीदार झाले. मात्र पेन्शन मिळे ती नोकरीत असताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबालाच. धडधाकट निवृत्त होणाऱ्याला थोडी ठोक रक्कम मिळे, दरमहा काही नाही. चोवीस वर्षे बहुसंख्य कामगार या निधीत भरत राहिले, दावे कमी आले आणि निधी साठत गेला. १९९५ ची योजना याच साठलेल्या पैशाच्या पायावर उभी राहिली.

गिरणगावाने या कालक्रमाची किंमत मोजली. कापडगिरण्या पहिल्या सहा उद्योगांतल्या, म्हणजे मुंबईचा गिरणी कामगार फंडाचा अगदी सुरुवातीचा सभासद. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत परतलेच नाहीत. पुढे १९९५ ची योजना आली तेव्हा १ एप्रिल १९९३ नंतर नोकरी सुटलेल्यांना तिच्यात येण्याचा पर्याय दिला गेला. त्याआधी ज्यांचा हिशेब मिटला होता, त्यांनी वर्षानुवर्षे कुटुंब पेन्शनची वर्गणी भरूनही पेन्शनरांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. सामायिक निधीत तारखेची रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मला मान्य आहे. पण रेघेच्या पलीकडे राहिलेल्यांच्या पैशाचा हिशेब कोणी मागितला नाही, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली, लोकांच्या तोंडी 'ईपीएस ९५'. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे पगाराचा बारावा भाग, पेन्शन निधीकडे वळवले गेले. सरकारचा वाटा १.१६ टक्केच राहिला. कामगाराच्या पगारातून पेन्शनसाठी वेगळे काही कापले जात नाही, असे सांगितले गेले. पण मालकाचा हा वाटा आधी कामगाराच्याच फंडाच्या खात्यात जमा होत असे. अनेक कारखान्यांत तेव्हा फंडाचा दरच ८.३३ टक्के होता, त्यामुळे तिथे मालकाचा जवळजवळ सगळा वाटा सामायिक निधीत गेला. काही कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. ओटिस एलिव्हेटरच्या कामगारांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००३ साली न्यायालयाने योजना वैध ठरवली.

विरोधकांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही ही योजना आणणे योग्यच होते, असे माझे मत आहे. एका महिन्याची वर्गणी भरून कामगाराचा मृत्यू झाला तरी त्याच्या पत्नीला आणि मुलांना पेन्शन मिळते. कायमचे अपंगत्व आले तरी मिळते. व्यक्तिगत खाते कितीही फुगले, तरी हे संरक्षण त्यातून मिळत नाही.

चूक झाली ती हिशेबात. सूत्र साधे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. किमान दहा वर्षांची सेवा हवी आणि वय ५८ पूर्ण हवे. पण पेन्शनपात्र पगाराला कमाल मर्यादा आहे. ती १९९४ पासून ५,००० रुपये होती, १ जून २००१ पासून ६,५०० झाली आणि तिथेच तेरा वर्षे थांबली. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे. आता २०१० साली निवृत्त झालेल्या साखर कारखान्यातल्या कामगाराचे किंवा एसटीच्या वाहकाचे उदाहरण घ्या. त्याचा खरा पगार काहीही असो, हिशेबात धरले गेले ६,५०० रुपये. १९९५ नंतरची पंधरा वर्षे त्याला गुणून सत्तरने भागले की १,३९३ रुपये येतात. १९९५ च्या आधीच्या सेवेसाठी तक्त्यात ठरलेली मूळ रक्कम २०० रुपयांच्याही आत होती, तिला गुणक लावून काही शे रुपये त्यात पडतात. सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. ज्याचे उमेदीचे आयुष्य गाळपाच्या हंगामात किंवा घाटरस्त्यांवर गेले, त्याची ही दरमहाची पेन्शन.

आणि ती वाढत नाही. सरकारी पेन्शनरांना मिळतो तसा महागाई भत्ता इथे नाही. दरवर्षी विमागणिताने निधीचे मूल्यमापन करायचे आणि पैसा पुरेसा असेल तर वाढ द्यायची, अशी तरतूद आहे. सुरुवातीची काही वर्षे थोडी वाढ मिळाली, मग मूल्यमापनात तूट दिसू लागली आणि वाढ थांबली. २००८ मध्ये पेन्शनचा काही भाग विकून ठोक रक्कम घेण्याची आणि भांडवल परत मिळण्याची सोय काढून घेतली. मुदतीआधी पेन्शन घेणाऱ्याची कपात वर्षाला ३ टक्क्यांवरून ४ टक्के केली. निधीची तूट भरून काढण्याचा भार असा थेट पेन्शनरांच्या अंगावर पडला. तिसऱ्या भागीदाराचा वाटा मात्र १९७१ पासून १.१६ टक्क्यांच्या पुढे सरकला नाही, आणि तोही पगाराच्या मर्यादेपुरताच. १५,००० वर तो महिन्याला १७४ रुपये होतो. मालकाचे असतात १,२५०.

२०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करावी, असे सुचवले. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. सरकारने २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये केली आणि त्यासाठी लागणारी भर अर्थसंकल्पातून द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मोठे आहे. गरीब पेन्शनरांना वर उचलण्याचा खर्च आजच्या वर्गणीदाराच्या खिशातून नको, तो सगळ्या देशाने करातून करावा, हे सरकारने या निर्णयाने प्रत्यक्षात मान्य केले. त्या पायावर पुढे काही बांधलेच गेले नाही, हे दुर्दैव. बुलढाण्यात ईपीएस पेन्शनरांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. सत्तरी ओलांडलेली माणसे दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसली. मागणी होती ७,५०० रुपये किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि मोफत उपचार. १५,००० रुपये मर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली तर सूत्राने येणारी पेन्शन नेमकी ७,५०० असते. पूर्ण सेवेची पेन्शन किमान म्हणून मागणे काहींना अवाजवी वाटते. पण महाराष्ट्र सरकार निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून १,५०० रुपये देते, आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. दहा-दहा वर्षे भरणाऱ्याला किमान १,००० हा हिशेब कोणत्या तराजूत बसतो?

दुसरा वाद न्यायालयात चालला, तो 'वाढीव पेन्शन'चा. मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे खऱ्या पगारावर वर्गणी भरायची मुभा १९९६ पासून होती. ती वापरायला पुढे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने मुदतीचे कारण देऊन नकार दिला. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी आर. सी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीचे ते कारण फेटाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ही मुभाच काढून टाकली होती, सरासरीही १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या पगारावर काढायचे ठरले होते. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दुरुस्ती बहुतांशी वैध ठरवली, जुन्या सभासदांना पर्याय द्यायला आणखी चार महिने दिले, आणि जादा पगारावरचे १.१६ टक्के कामगाराने भरावेत ही अट बेकायदा ठरवली. पुढे सरकारने तो भार मालकाच्या १२ टक्क्यांतूनच घ्यायचे ठरवले. अर्ज आले साडेसतरा लाखांच्या आसपास.

या वादात माझी सहानुभूती विभागलेली आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे खऱ्या पगारावर पैसे भरले आणि मग नकार ऐकला, त्यांच्यावर अन्याय झाला. पण सूत्र असे आहे की पेन्शन ठरते अखेरच्या पगारावर, तर वर्गणी भरली जाते आयुष्यभराच्या पगारावर. ज्याचा पगार शेवटी झपाट्याने वाढला, त्याने मागची थकबाकी व्याजासह भरली तरी त्याच्या पेन्शनचा पूर्ण खर्च निघत नाही. उरलेला खर्च ज्या सामायिक निधीवर पडतो, त्यात १५,००० च्या मर्यादेवर भरणाऱ्या लाखो कामगारांचे पैसे आहेत. विडी वळणारी बाई एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाच्या पेन्शनला हातभार लावणार असेल, तर तिला कोणी विचारले आहे का? वाढीव पेन्शन हवी त्याला मिळावी, पण तिचा निधी वेगळा असावा आणि तिचा हिशेब प्रत्येकाच्या एकूण वर्गणीवर व्हावा.

सरकारी नोकरांची बाजू पाहिली की ईपीएस पेन्शनरांशी असलेला फरक आणखी बोचतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तालुक्या-तालुक्यांत घुमली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले. तिच्यात दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये आहेत आणि सरकारचा वाटा १८.५ टक्के. तिथे सरकार मालक आहे, म्हणून वाटा मोठा, हे खरे. पण म्हातारपण दोघांचेही सारखेच आहे, आणि तो १८.५ टक्के ज्या करातून येतो, तो कर कारखान्यातला कामगारही साबणापासून डिझेलपर्यंत भरत असतो.

मग पैसा कुठून आणायचा? ईपीएस पेन्शनर ७८ लाखांच्या आसपास आहेत. प्रत्येकाला दरमहा हजार रुपये वाढवायचे म्हटले, तर वर्षाला सुमारे ९,३६० कोटी लागतील. ही वाढ निधीतून दिली, तर आज पंचविशीत असलेल्या मुलाच्या पेन्शनमधून ती काढली जाईल. म्हणून किमान पेन्शनची वाढ पूर्णपणे अर्थसंकल्पातून व्हावी आणि तिचे शीर्ष वेगळे असावे. पगाराची मर्यादा वाढवावीच, पण तिने वर्गणीबरोबर उद्याची देणीही वाढतात, हे लपवू नये. महागाईशी जोडलेली वाढ एकदम पूर्ण देता येत नसेल, तर निदान सर्वांत कमी पेन्शनपासून सुरुवात करावी. आणि विमागणिताचा मूल्यमापन अहवाल दरवर्षी संसदेपुढे, सामान्य कामगाराला वाचता येईल अशा भाषेत, ठेवला जावा.

जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेत, कोणत्याही शाखेत मिळू लागली. संघटनेने हे काम चांगले केले. पण निर्णय जिथे होतात त्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर केंद्र सरकारचे ५, राज्यांचे १५, मालकांचे १० आणि कामगारांचे १० प्रतिनिधी बसतात. निवृत्तांसाठी तिथे एकही वेगळी जागा नाही. कायद्यात दुरुस्ती करून निदान दोन जागा पेन्शनरांना द्याव्यात, आणि त्यातली एक विधवा पेन्शनधारकांसाठी राखून ठेवावी.