शिवाजी पार्क : एका नांवाचा कालनिर्णय

बागेचें नांव भोंवतालच्या वस्तीस लागणें ही गोष्ट नवी नव्हे. लखनौस चारबागेच्या जागीं आगगाडीचें स्थानक झालें. बाग गेली, नांव मात्र स्थानकास व वस्तीस राहिलें. मुंबईंत दादर येथील शिवाजी पार्काचें उदाहरण याहून निराळें आहे. येथें मैदानहि आहे, वस्तीहि आहे आणि दोहोंस नांव एकच आहे.

हें मैदान मुंबई म्युनिसिपालिटीनें सन १९२५ मध्यें लोकांस खुलें केलें, तेव्हां तें माहीम पार्क म्हणून ओळखलें जाई. सन १९२७ मध्यें अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. निमित्त जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचें होतें. भोंवतालच्या इमारती मुख्यत्वें १९३० व १९४० च्या दशकांतील आहेत. अर्थात् नांव आधीं व वस्ती मागून, असा हा क्रम आहे.

आतां १९२७ सालीं तीनशें वर्षें भरतात तीं जन्मशक १५४९ धरल्यास. ही बखरींवरून चालत आलेली गणना होय. परंतु लोकमान्य टिळकांनीं सन १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि आहे. योगायोग असा कीं, ज्या १९२७ सालीं मैदानाचें नांव बदललें त्याच सालीं कवींद्र परमानंदाचें शिवभारत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें छापून काढलें, आणि त्यांतहि शक १५५१ च निघाला. परमानंदानें तो शब्दांकांनीं सांगितला आहे : भू, बाण, प्राण, चंद्र; म्हणजे एक, पांच, पांच, एक. शब्दांक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, हा नेम विद्यार्थ्यांच्या गळीं उतरवितांना आम्हांस पुष्कळ श्रम पडत. येथें मात्र कोणीकडूनहि मांडा, साल तेंच येतें.

मग तें नांव चुकीच्या सालीं दिलें गेलें, असें म्हणावें काय? आमच्या मतें तसें म्हणूं नये. मैदानाचें नांव हें महाराजांच्या जन्मशकाचें प्रमाण नव्हे. १९२७ च्या मुंबईकरांची समजूत काय होती, याचें तें अस्सल प्रमाण आहे. साधनाची कसोटी त्याच्या स्वतःच्या काळाविषयीं घ्यावी, हा जो न्याय आपण पोथीस लावितों तोच येथें लावावा.

सन २०२० मध्यें महानगरपालिकेनें या नांवाचा छत्रपती शिवाजी महाराज पार्क असा विस्तार केला. लोकांच्या तोंडीं शिवाजी पार्क हेंच आहे. संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पोथ्यांच्या शेजारीं जुन्या लग्नपत्रिका, भाड्याच्या पावत्या व टपालाचे लखोटेहि जतन करावे. त्यांवरील पत्ता क्षुल्लक वाटतो. पण मैदानाचें नांव वस्तीवर कसकसें पसरत गेलें, हें अशाच कागदांवरून सिद्ध करितां येतें, आणि रद्दींत आधीं जातात तेहि हेच कागद.