महाविद्यालयांतील पक्षीमंडळे आणि त्यांचे लाडके पक्षी

एखादी दुर्बीण, एक वही आणि पहाटे उठण्याची तयारी एवढ्या भांडवलावर महाविद्यालयातील पक्षीमंडळ उभे राहू शकते. त्यासाठी दूरच्या अभयारण्यात जाण्याची गरज नसते. जुनी झाडे असलेले आवार हीच त्याची पहिली शाळा होय.

लाडके पक्षी

तांबट : चिमणीएवढा हिरवा पक्षी. कपाळावर व छातीवर लाल रंग. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा ‘टुक-टुक’ आवाज उन्हाळ्यात दुपारीही थांबत नाही. वठलेल्या किंवा मऊ झालेल्या फांदीत चोचीने कोरून तो घरटे करतो.

पिंगळा : लहान घुबड. त्याला ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडांच्या किंवा भिंतींच्या पोकळीत तो राहतो. एकदा त्याची ढोली सापडली, की सांजवेळी हमखास दर्शन देतो.

दयाळ : काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा. एरवी अबोल वाटणारा नर वसंतापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पहाटे गोड शीळ घालतो.

शिंपी : पानांच्या कडा कापसाच्या किंवा कोळिष्टकांच्या धाग्यांनी शिवून घरटे बांधणारा इवलासा पक्षी. कुंडीतील झाडही त्याला पुरते.

छंदातून नोंदींकडे

फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षीगणनेत भारतातील पक्षीनिरीक्षक २०१३ पासून सहभागी होत आहेत. शैक्षणिक संस्थांच्या आवारांसाठी त्याच काळात स्वतंत्र गणनाही होते. किमान १५ मिनिटे निरीक्षण करून दिसलेल्या पक्ष्यांची यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायची, एवढीच अट. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली (५ नोव्हेंबर) आणि डॉ. सलीम अली (१२ नोव्हेंबर) यांच्या जन्मदिवसांदरम्यान पक्षी सप्ताह साजरा होतो. राज्य शासनाने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली.

हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर २०२३ चा देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला असून १७८ जातींच्या संवर्धनाला सर्वाधिक प्राधान्य देण्याची गरज व्यक्त झाली आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीलपंखाची संख्याही घटत असल्याचे त्यातून दिसून आले. सामान्य वाटणारा पक्षी कमी होत आहे, हे वर्षानुवर्षे कोणी मोजले तरच कळते.

वठलेली फांदी

आवाराची साफसफाई करताना वाळलेल्या फांद्या सर्वप्रथम तोडल्या जातात. रस्त्यावर पडण्याचा धोका असलेली फांदी काढणे योग्यच. पण सरसकट छाटणीत तांबटाचे घरटे आणि पिंगळ्याची ढोली दोन्ही जातात. अशा वेळी ‘येथे पक्षी आहेत’ एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कोणते घरटे, ही वहीतील नोंद प्राचार्यांपुढे ठेवता येते आणि छाटणी विणीच्या हंगामानंतर करण्याची विनंती करता येते. दर तीन वर्षांनी विद्यार्थी बदलतात. म्हणूनच ती वही पुढच्या तुकडीच्या हाती देणे हे पक्षीमंडळाचे सर्वांत मोलाचे काम ठरते.