खुबा, गुडघा आणि ‘स्नायू’ : शारीर परिभाषेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इ. स. १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. त्याच वर्षी रुडॉल्फ हर्न्ले यांचा प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावरील ग्रंथ ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झाला. एकीकडे परंपरेचे संघटन आणि दुसरीकडे तिच्या ग्रंथांची आधुनिक शरीरशास्त्राच्या आधारे पडताळणी, असे हे दोन प्रवाह होत. पडताळणी करताना शब्दांचे अर्थ किती निर्णायक ठरतात, हे खुबा व गुडघा या दोन सांध्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सुश्रुतसंहितेतील वर्णन

सुश्रुताने शरीरात २१० संधी सांगितले असून त्यांचे आठ प्रकार केले आहेत. गुडघा म्हणजे जानुसंधी ‘कोर’ प्रकारात, तर खुबा म्हणजे वंक्षणसंधी ‘उलूखल’ प्रकारात येतो. उलूखल म्हणजे उखळ. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या खोलगट वाटीत बसतो, या रचनेशी ही उपमा चपखल जुळते. मात्र त्याच प्रकारात दातांचे संधीही गणले आहेत. म्हणजे वर्गीकरणाचा आधार हालचालीपेक्षा आकार हा होता.

स्नायूंची एकूण संख्या ९०० दिली आहे. एका पायातील १५० स्नायूंपैकी १० गुडघ्यात, ४० मांडीत व १० वंक्षणात सांगितले आहेत. अनेक बंधनांनी बांधलेली फळ्यांची नाव जसा पाण्यात भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात, असा दृष्टांत सुश्रुत देतो. जानुमर्मास इजा झाल्यास लंगडेपण येते, हेही तो नोंदवतो.

आधुनिक शरीरशास्त्रानुसार गुडघ्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अस्थिबंध असून सांध्याच्या आत पुढचा व मागचा असे दोन अस्थिबंध परस्परांस छेदून जातात. या आतील जोडीचा स्वतंत्र उल्लेख सुश्रुताने केलेला नाही. त्याची पद्धत शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, वाळा, केस, वेळू इत्यादींच्या कुंचल्यांनी थर हळूहळू घासून काढण्याची होती. अशा पद्धतीत बाहेरील बंध दिसतात, परंतु सांध्याच्या आतील रचना उलगडणे कठीण जाते, असे अनुमान करता येते. खुब्यासमोरील बळकट अस्थिबंधाचे महत्त्व पाश्चात्त्य शस्त्रक्रियेतही बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८६९ मध्ये, खुबा निखळण्याच्या संदर्भात, विशेषत्वाने मांडले.

परिभाषेचा प्रश्न

आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस आणि ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. सुश्रुताच्या परिभाषेत मात्र मांसाच्या गठ्ठ्यास ‘पेशी’ म्हटले असून त्यांची संख्या ५०० आहे. ‘स्नायू’ हे बांधणारे तंतू होत. त्यामुळे मूळ संज्ञा जशाच्या तशा मराठीत ठेवल्यास ‘शरीरात ५०० पेशी व ९०० स्नायू’ असे वाक्य तयार होते आणि वाचकास ग्रंथकार अज्ञानी वाटू लागतो. उलटपक्षी ‘स्नायू म्हणजे अस्थिबंध’ हे समीकरणही अपुरे आहे. सुश्रुताच्या चार प्रकारांत कंडरा, छाती व पाठीवरील रुंद पट्टे आणि आमाशय, पक्वाशय, बस्ती यांच्या टोकांशी असलेले पोकळ स्नायूही समाविष्ट आहेत.

समारोप

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात आयुर्वेदाचे ‘रचना शारीर’ आणि आधुनिक शरीररचनाशास्त्र हे दोन्ही विषय शिकवले जातात. एकाच शब्दाचे दोन अर्थ तेथे शेजारी नांदतात. प्राचीन ग्रंथाचा अकारण गौरव आणि अकारण उपहास, हे दोन्ही टाळायचे असतील, तर संख्यांची तुलना करण्यापूर्वी संज्ञांचा अर्थ निश्चित करणे हे अध्यापकाचे पहिले कर्तव्य ठरते.