सरकी घराबाहेर गेली तेव्हा

मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रेल्वे सुरू झाली, ती कापसासाठी. कापूस कोठे गेला हे आपण सारे जाणतो. सरकीची वाट मात्र कोणी विचारीत नाही. घरच्या रेच्यावर काढलेली सरकी घरचीच असे. जिनाच्या कारखान्यात दहा शेतांची सरकी एका ढिगात पडू लागली. बी घराबाहेर गेले ते तेव्हा, असे आम्ही मानतो; २००२ साली आलेल्या बीटी कापसावर सारा दोष टाकून मोकळे होणे फार सोपे आहे.

परसातले बी टिकले, कारण त्याला बाजार नव्हता. राखेत घोळून ते मडक्यात राही आणि वाणवळ्यासारखे शेजारी जाई. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच बियांची बँक उभी केली; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या नगरात बी-भांडार चालवायचे, तर ‘नेले त्याच्या दुप्पट परत’ एवढा नियम पुरणार नाही. वालाचे बी बहुधा जसेच्या तसे परत येते. कोहळ्याचे (पुण्याकडे याला तांबडा भोपळा म्हणतात) तसे नाही. आम्ही दोन जाती शेजारी लावल्या. मधमाश्यांनी त्यांचा कारखान्यातला ढीगच केला! आता नर व मादी कळ्या आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधतो, सकाळी हाताने पराग लावून मादीफूल पुन्हा बांधतो, आणि त्याच फळाच्या देठाला चिंधी लावतो. भांडारात बी जाते ते त्या चिंधीच्या फळाचेच.